वाघ्याला आत घ्या

कुत्रा राखणीसाठी पाळतात, असं लहानपणापासून ऐकत आलो. जुन्नर तालुक्यात मळ्यात राहणाऱ्यांनी हे बोलणं आता बंद करायला हरकत नाही. आमच्याकडे दिवस मावळला की माणसांनी कुत्र्याची राखण करायची असते.

कारण बिबट्या. तो उसात जन्मतो, उसातच मोठा होतो आणि पोटासाठी त्याला कुत्रा सगळ्यात सोयीचा पडतो. शेजारच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून तपासली. 2014 साली ते संशोधन छापून आलं. त्यात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. आमच्या वस्तीला हे विष्ठा न तपासताच माहीत होतं. त्यामुळे नियम ठरला, वाघ्या सातच्या आत घरात. हा नियम आमच्या घरी पूर्वी बहिणींना होता. तो पाळल्याबद्दल त्यांना कुणी काही दिल्याचं मला आठवत नाही. वाघ्याला बिस्किट लागतं.

हो, नाव वाघ्याच आहे. बिबट्याच्या भीतीनं वाघ्याला कोंडून ठेवावं लागतं, हे मी पाहुण्यांसमोर शक्यतो बोलत नाही.

संध्याकाळी आई ओट्यावर उभी राहून हाका मारते. वाघ्या कडब्याच्या गंजीआड बसलेला असतो. त्याला ऐकू येतं, हे हलणाऱ्या कानावरून मला इथून दिसतं. पण तो उठत नाही. मग ग्लुकोज बिस्किटाचा पाच रुपयांचा पुडा फोडायचा. कागद वाजला की स्वारी अंग झाडून निघते, तीही धावत नाही. पाय मोकळे करायला म्हणून आपणच निघालोय, अशा चालीनं येते. बिस्किट पुढच्या दातांत नुसतं धरायचं, माझ्या अंथरुणापर्यंत न्यायचं, गोधडीवर ठेवायचं, चाटून चाटून मऊ करायचं आणि मग खायचं, अशी पद्धत आहे. चुरा तिथेच राहतो. मुंग्या रात्री येतात.

इथवर मी काही म्हणत नाही. पण पाणी प्यायला की हा दारापाशी जाऊन कुंई कुंई करतो. मुतायला जायचं असेल, म्हणून दार उघडायचं. तो ट्रॅक्टरच्या मागच्या टायरपाशी जातो, एक पाय वर करतो, काहीही न करता खाली घेतो आणि पुन्हा गंजीआड जाऊन बसतो. आत येण्याचं बिस्किट प्रत्येक वेळी वेगळं असतं, हे त्याला कळलंय. आईलाही कळलंय. ती म्हणते, “आरं दे की, मुकं जनावर आहे.” हे मुकं जनावर रात्री अकरापासून पहाटेपर्यंत बंद दाराच्या आतून कोल्ह्यावर, रस्त्यावरच्या मोटारसायकलींवर आणि क्वचित स्वतःच्याच शिंकेवर भुंकत असतं.

आईपुढे माझं काही चालत नाही, कारण ती माळकरी आहे आणि तिच्या बाजूला थेट नामदेव महाराज आहेत. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणाले. ही गोष्ट मला पाळण्यापासून सांगितली गेली. तिचा उपयोग माझ्याविरुद्ध होणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आज घरातली पहिली भाकरी वाघ्याची, तिच्यावर तूप. मला डॉक्टरांनी तूप कमी करायला सांगितलंय. आईनं हिशोब बरोबर जुळवलाय, माझं कमी झालेलं तूप घराबाहेर गेलेलं नाही.

पुण्याहून येणारा भाचा म्हणतो, कुत्रा म्हणजे मुळात लांडगा, त्याला धान्य देऊ नये. त्यालाही उत्तर आहे. 2013 साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पिठूळ अन्न पचवणारी जनुकं लांडग्यापेक्षा कुत्र्यात जास्त असतात. माणसाजवळ राहून त्यांनी आपलं पोट बदलून घेतलं. भाकरीसाठी एवढी तडजोड केली, तर एका हाकेत घरात येणं काही फार अवघड नव्हतं, एवढंच माझं म्हणणं. याच भाच्यानं मागे शहरातून वाघ्यासाठी चिकनच्या सुक्या पट्ट्या आणल्या. त्या पाकिटाच्या किमतीत आमच्याकडे आठवडे बाजार होतो. वाघ्यानं एक पट्टी हुंगली आणि कांदाचाळीच्या कडेला खड्डा काढून ती पुरली. उरलेल्याही एकेक करून तिथेच पुरल्या. आता चाळीपाशी कुणी फिरकलं की तो गुरगुरतो. चाळ माझी आहे.

सकाळचं निराळंच. डेअरीवर दूध घालायला निघालो की हा किटलीच्या पुढे चालतो. तिथं आमच्या दुधाचा नमुना यंत्राला लावतात, फॅट कमी लागल्याचं मला सांगतात आणि भांड्यात उरलेलं दूध वाघ्यापुढे ओततात. तो ते एका दमात संपवतो, भांडं चाटतो आणि शेपूट हलवतो. फॅटबद्दल त्याची तक्रार नसते. तिथून चहाच्या टपरीवर. मी चहाबरोबर खारी घेतो. तिचा वरचा पापुद्रा वाघ्याचा, असं टपरीवाल्यानंच परस्पर ठरवून टाकलंय. पापुद्रे काढून उरलेल्या खारीला काय म्हणतात मला माहीत नाही, पण पैसे पुऱ्या खारीचे पडतात.

रेबीजच्या लशीसाठी त्याला दरवर्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं लागतं. त्यासाठी त्याला गाडीत चढवायचा खर्च मी इथे मांडत नाही. मागच्या खेपेला डॉक्टरांनी त्याच्या बरगड्या चाचपल्या. त्या लागेनात. ते म्हणाले, खाऊ दिवसभराच्या आहाराच्या एक दशांशापेक्षा जास्त नको. आई मान डोलावत होती. मग त्यांनी वर्ज्य पदार्थ सांगितले. कांदा नको, कच्चा नको आणि शिजवलेलाही नको, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नकोत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट नको. शिजवलेल्या कोंबडीची हाडं नकोत, ती चिरफळतात आणि आतड्यात टोचतात.

आमच्या रानात कांदा आणि द्राक्ष हीच दोन पिकं आहेत. म्हणजे मी वर्षभर राबून जे पिकवतो, त्यातलं काहीही या कुत्र्याला चालत नाही. तो जे खातो ते सगळं विकत आणावं लागतं. हे मी घरी येऊन शांतपणे मांडलं. आई म्हणाली, “मग कालवणात कांदा घालणंच बंद करू, चुकून त्याच्या पानात जायला नको.” त्या दिवसापासून आमच्याकडे बिनकांद्याचं कालवण होतं आणि चाळीत कांदा भाव वाढायची वाट बघत पडलेला असतो.

आता विजेचं. शेतीपंपाची थ्री फेज आमच्याकडे आठवड्याआड रात्री असते. रात्री लाईट म्हणजे रात्री पाणी, त्याला इलाज नाही. गेल्या आठवड्यात दोनच्या सुमारास उठलो. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, आणि मोबाईलवर मोठ्यानं भजन, कारण आवाज करत जावं असं वनखात्याची माणसं सांगून गेलीत. शेजारच्या उसात काहीतरी सळसळत होतं. वाघ्या माझ्या गोधडीवर चारही पाय वर करून झोपला होता. मी कडी काढली तसा त्यानं एक डोळा उघडला, बाहेरच्या अंधाराकडे बघितलं आणि मिटला. आतून आईचा आवाज आला. मला वाटलं, जपून जा म्हणेल.

“दार लावून घे रे,” ती म्हणाली, “वाघ्या बाहेर जाईल.”

शेतीला दिवसा वीज द्या, ही आमच्या भागाची मागणी जुनी आहे आणि तिला माझा पाठिंबा आहेच. तोवर आमच्या वस्तीवर येणाऱ्यांना एक विनंती. रिकाम्या हातानं यायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण बिस्किटं, खारी, पेढे, फरसाण यांतलं काही आणू नका; ते माझ्यापर्यंत पोचत नाही. आणायचेच असतील तर बेदाणे आणा. बाग आमची असली तरी द्राक्षं तोडली की थेट बाजारात जातात, घरात बेदाणा नसतो. सांगलीकडचे मिळाले तर उत्तम. पिशवी आईच्या हातात न देता माझ्या हातात द्या, आणि देताना ते वाघ्याला चालत नाहीत, हे जरा मोठ्यानं सांगा.