कायम, कंत्राटी आणि क्यूसी

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत माणसाला स्वतःचं नाव लागतं ते पंचिंगपुरतं. जनरल शिफ्ट सुटली, घरी येऊन बूट काढले आणि हातात पट्टा आला की ते नाव गळून पडतं. मग उरतात ब्रूनोचे पप्पा, ओरिओची मम्मी आणि सिंबाचे साहेब. वर्षानुवर्षं रोज भेटणाऱ्या या मंडळींना एकमेकांची आडनावं ठाऊक नाहीत. आपल्याकडे आडनाव न विचारता टिकलेली मैत्री ही खरं तर जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद करण्याजोगी गोष्ट. इथे पहिल्या भेटीत विचारतात ते एवढंच : "याचं डीवर्मिंग कधी केलंय?"

मेळा भरतो ऑरिकच्या रस्त्यांवर. हे देशातलं पहिलं ग्रीनफिल्ड औद्योगिक स्मार्ट शहर, अशी त्याची ख्याती. 7 सप्टेंबर 2019 रोजी पंतप्रधान स्वतः येऊन ऑरिक हॉलचं उद्घाटन करून गेले. रुंद रस्ते, रस्त्यांना साजेसे फुटपाथ, केबल आणि पाइप जमिनीखालून. फुटपाथवर चालायला माणसं जरा कमी पडली, ती उणीव कुत्र्यांनी भरून काढली. 'वॉक टू वर्क' ही मूळ कल्पना होती. पैकी वॉक जोरात आहे. तारा जमिनीखाली गेल्यामुळे विजेचे खांब कमी झाले आणि दिव्यांच्या खांबांवरच भागवावं लागतं, ही स्मार्ट सिटीबद्दल कुत्र्यांची एकमेव तक्रार.

संध्याकाळच्या या कट्ट्यावर सगळे थर हजर असतात. जर्मन शेफर्ड बाळगणारा मेंटेनन्सवाला, पग सांभाळणाऱ्या शाळेतल्या बाई, कुंभेफळचा ऑपरेटर. एक बागायतदारांचे चिरंजीवही येतात. जमीन प्रकल्पात गेली, मोबदला आला, मोबदल्यातून पांढरी स्कॉर्पिओ आली आणि स्कॉर्पिओच्या मागच्या सीटवर बसून सायबेरियन हस्की आला. एप्रिलमध्ये पारा 42 च्या वर गेला की हस्की एसीच्या खोलीत आणि चिरंजीवांचे वडील ओसरीवर. म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "त्याचं कातडं जाड हाये म्हणून त्याला गारवा. माझं बी जाडच हाये, पण माझ्यावर केस न्हाईत ना!"

बोलण्याचा मुख्य विषय पोटाचा. पातळ झाली की घट्ट, रंग कोणता, काल कितीदा. कारखान्यात 'क्वालिटी'वर दिवसभर बोलणारी माणसं संध्याकाळीही क्वालिटीवरच बोलतात, फक्त प्रॉडक्ट बदलतं. मध्यंतरी त्या जर्मन शेफर्डने चप्पल खाल्ली आणि ओकून टाकली. मेंटेनन्सवाल्याने रीतसर 'फाइव्ह व्हाय' लावला. ओकला का? चप्पल खाल्ली. चप्पल का खाल्ली? कंटाळला. का कंटाळला? घरी कोणी नव्हतं. का नव्हतं? मालक ओव्हरटाइमला. ओव्हरटाइम का? महिनाअखेरचं डिस्पॅच, आणि ते लावणारे साहेब समोरच गोल्डन रिट्रीव्हरचा पट्टा धरून उभे होते. रूट कॉज सापडलं की कारखान्यात जे करतात तेच इथेही केलं. मेंटेनन्सवाल्याने सहाव्यांदा 'का' विचारला नाही आणि चप्पल उंचावर ठेवायचं ठरलं.

हे साहेब म्हणजे सिंबाचे साहेब. बाकी सगळे पप्पा, हे कट्ट्यावरही साहेबच. सिंबाची वंशावळ फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेली. साहेबांच्या स्वतःच्या आजोबांचा फोटो मात्र माळ्यावर आहे म्हणतात. तर या सिंबाला टिक फीवर झाला. गोचिडीतून रक्तात शिरणारा हा ताप मराठवाड्यात नवा नाही. पूर्वी "कुत्रं गेलं" म्हणत, आता "प्लेटलेट्स किती?" विचारतात, इतकाच फरक. सिंबाचं हिमोग्लोबिन चारवर आलं. डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल. डोनर निरोगी हवा, लसी झालेल्या हव्यात, वजन पंचविसाच्या पुढे हवं.

आणि इथे कट्ट्याला मानलं पाहिजे. रात्री दहाला निरोप गेला आणि साडेदहाला दवाखान्यासमोर गाड्यांची रांग. माणसाला रक्त हवं असतं तेव्हा लोक निरोप पुढे पाठवतात. कुत्र्याला हवं होतं तर स्वतः आले. पग वजनात बाद झाला. हस्कीची लस राहिली होती. शेवटी निवड झाली कुंभेफळच्या ऑपरेटरच्या राजाची. राजा अर्धा कारवान, उरलेला अर्धा कोण ते त्याच्या आईलाच ठाऊक. लांब तोंड, बरगड्या मोजून घ्याव्यात असं अंग, भाकरीवर वाढलेला, वजन अठ्ठावीस. शिकारी हाऊंडांच्या रक्तात लाल पेशींचं प्रमाण मुळातच जास्त असतं, त्यामुळे डॉक्टर खूश. साहेबांनी घसा साफ करून विचारलं, "जात... म्हणजे ब्रीड वेगळं आहे, चालेल ना?" डॉक्टरांनी सांगितलं, रक्तगट जुळवून घेणं चांगलंच, पण कुत्र्याच्या रक्तात परक्या रक्ताशी वैर सहसा जन्मापासून नसतं, पहिल्या वेळी बहुधा निभावून जातं. माणसाचं पहिल्याच भेटीत बिनसतं, पण तो डॉक्टरांचा विषय नव्हता.

सिंबा वाचला. साहेबांचे डोळे भरून आले. ऑपरेटरच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आजपासून राजा आणि सिंबा सख्खे भाऊ."

पुढच्या महिन्यात राजाच्या पप्पांचे सात महिने भरले. औद्योगिक वसाहतीत सात महिन्यांचं महत्त्व गरोदर बाईपेक्षा ट्रेनीला जास्त ठाऊक. 240 दिवसांच्या आत ब्रेक द्यायचा म्हणजे पुढचं कायम करण्याचं लचांड राहत नाही. ब्रेकच्या यादीवर सही सख्ख्या भावाच्या साहेबांचीच होती. कट्ट्यावर मात्र त्यांनी मन मोकळं केलं : "पॉलिसीपुढे माझंही काही चालत नाही हो." आता परस्पर आधार म्हणतात तो बघा. नोकरी गेल्याचं कळताच कट्टा हळहळला. चौघांनी बायोडाटा मागितला, बाईंनी धीर दिला आणि साहेबांनी घरी दहा किलोचं डॉगफूडचं पोतं पाठवलं. "राजाचे हाल होता कामा नयेत," असा निरोपही होता. ऑपरेटरच्या आईने पोत्यावरचं चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "ह्याचं पिठलं व्हतं का?"

इथवर झाली घरच्या, म्हणजे कायमस्वरूपी कुत्र्यांची हकिगत. यांना कार्ड आहे, वाढदिवस आहे, आजारपणाची रजाही आहे. ती मालक घेतो. शेंद्र्यात यांच्यापेक्षा मोठी संख्या कंत्राटींची. प्रत्येक कंपनीच्या गेटवर तीन-चार असतात. हजेरीपटावर नाव नाही, पगार डब्यातल्या उरलेल्या पोळीचा, तिन्ही पाळ्यांना हजर. आमच्या ओळखीच्या एका गेटवर तिघं आहेत. टायरखाली पाय गेलेला लंगड्या, भर पाळीत झोपणारा सुपरवायझर आणि प्रत्येक डबा हुंगून पास-नापास करणारा क्यूसी. क्यूसी गेटवर आला तेव्हा कंपनीचा रंग निळा होता, आता करडा आहे. या काळात दोन प्लँट हेड बदलले, सिक्युरिटीच्या एजन्सी तर किती आल्या-गेल्या. सात महिन्यांचा ब्रेक त्याला कोणी दिला नाही. हिशोबाने पाहिलं तर त्या गेटवर कायम झालेला तो एकटाच.

वर्षातून एकदा तिघं बिनपगारी रजा टाकतात. चैत्रात शेंद्र्याला मांगीरबाबाची यात्रा भरते, दूरदूरचे लोक नवस फेडायला येतात, बोकडांच्या पंगती उठतात. त्या दिवसांत गेटवर एकही कुत्रं दिसत नाही. अर्ज नाही, मेडिकल सर्टिफिकेट नाही. कामगारांनी असं केलं असतं तर मेमो निघाला असता.

घरच्यांचा आणि गेटवरच्यांचा संबंध येतो तो अपघातानेच. चंपाषष्ठीचं घ्या. जवळच्या साताऱ्याच्या खंडोबाला जाऊन आल्यावर ब्रूनोच्या आजींनी घरी तळी भरली आणि भरीत-रोडग्याचं पान वाढलं. चातुर्मासापासून बंद असलेलं कांदा-वांगं त्या दिवशी मोकळं होतं, त्यामुळे भरतात कांद्याची पात सढळ. खंडोबाचं वाहन घोडा असला तरी सोबती कुत्रा, तेव्हा नैवेद्य कुत्र्याला द्यायचा ही पिढ्यांची रीत. आजींनी हळदकुंकू लावून पान ब्रूनोपुढे सरकवलं. ब्रूनोने मान खाली घातली, तोच सूनबाई हंबरडा फोडून धावल्या. "आई, कांदा! त्याच्या लाल पेशी फुटतील!" हे खरं आहे, कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना मारक असतात, कट्ट्यावर तो धडा सगळ्यांचा पाठ आहे. पण आजींना हे सांगणार कोण? "देवाचं कुत्रं इतकी वर्षं भरीत खातंय, त्याच्या नाही फुटल्या त्या?" कट्ट्याची तातडीची बैठक झाली. बाईंनी समेटाचा मसुदा मांडला : ब्रूनोला बिनकांद्याचा रोडगा, देवाला कांद्यासकट. मग कांद्याचं पान काय करायचं? नैवेद्य टाकता येत नाही. ब्रूनोचे पप्पा स्कूटरवरून ते पान गेटवर घेऊन गेले. क्यूसीने हुंगलं, पास केलं आणि चाटूनपुसून साफ केलं. त्याच्या लाल पेशींची चौकशी करायला कोणी गेल्याचं ऐकिवात नाही.

नामदेवांच्या ताटातली भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले होते. ही कथा कट्ट्यावर सगळ्यांना फार आवडते. तूप पचायला जड म्हणून कोणी देत नाही, एवढंच.

सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये भटक्या कुत्र्यांवर आदेशांचा धडाका लावला तेव्हा कट्टा पगारवाढीच्या करारासारखा एकेक कलम वाचत होता. 22 ऑगस्टला म्हटलं, नसबंदी आणि लस करून, पिसाळलेली व अंगावर येणारी वगळता, पकडलं तिथेच सोडा. खायला घालायचं ते नेमून दिलेल्या जागी. 7 नोव्हेंबरला म्हटलं, शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातून उचला आणि तिथे परत सोडू नका. यादी पुन्हा पुन्हा तपासली, कारखान्याचं गेट कुठे सापडलं नाही. गेटवरचा गार्ड सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "बरं झालं. रात्रपाळीला मला एकट्याला झोप... म्हणजे जाग राहत नाही." नसबंदी कोणी करायची हा प्रश्न आला तेव्हा मात्र सगळ्यांना भूगोल आठवला. 2023 च्या नियमांप्रमाणे जबाबदारी स्थानिक संस्थेची. आणि क्यूसी रोज एमआयडीसीत जागतो, ग्रामपंचायतीच्या ओढ्यावर पाणी पितो आणि उन्हात ऑरिकच्या फुटपाथवर पडतो.

तरी कट्ट्याने मनावर घेतलं. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चरची पुण्यतिथी. वर्गणी काढून गेटवरच्या कुत्र्यांना लस टोचायची ठरली. साहेबांनी सर्वांत मोठी रक्कम दिली आणि फोटोत मधे उभे राहिले. बाईंनी बिस्किटं आणली. लंगड्याला धरायला राजाचे पप्पा आले. ब्रेकवर असल्यामुळे त्यांना वेळ होता. डॉक्टरांनी लस टोचली, कार्ड काढलं आणि पेन उघडलं.

"नाव?"

"क्यूसी."

"मालकाचं नाव?"

साहेबांना फोन आला. ब्रूनोच्या पप्पांना ब्रूनोने एकदम दुसरीकडे ओढलं. बाई बिस्किटांचा पुडा नीट दुमडू लागल्या. मेंटेनन्सवाल्याने आवाज खाली आणून शंका काढली : नाव लावलं आणि उद्या हा कोणाला चावला, तर लायबिलिटी कोणाची? डॉक्टरांनी पेन धरून वाट पाहिली. शेवटी गार्डच पुढे झाला.

"लिव्हा, मेन गेट, सेकंड शिफ्ट."

डॉक्टरांनी लिहिलं. "पुढचा बूस्टर वर्षाने. तारीख लक्षात कोण ठेवणार?"

"म्या ठेवीन की," गार्ड म्हणाला. "फकस्त मार्चमध्ये आमच्या एजन्सीचं टेंडर निघतंय. म्या नसलो तर क्यूसीला इचारा, त्यो हितंच हाये."