कटाची आमटी आणि उरलेल्या डाळीची विल्हेवाट

कटाची आमटी म्हटली की लोक आधी पुरणपोळीचा घाट घालतात आणि डाळ निथळून खाली पडलेल्या पाण्याला फोडणी देऊन मोकळे होतात. हा सगळा उलटा कारभार आहे. डाळ शिजवायची ती कटासाठी. कट निघाल्यावर चाळणीत जो ढीग राहतो त्याचं काय करायचं, हा दुय्यम प्रश्न. त्याचा निकाल शेवटी थोडक्यात लावू.

दिवस निवडताना होळी, पाडवा, पोळा, बेंदूर यांपैकी एखादा धरावा. एरवी करायला बंदी नाही, पण साध्या मंगळवारी ही आमटी उकळताना दिसली की घरातलं प्रत्येक माणूस स्वयंपाकघरात डोकावून “आज काय आहे?” असं विचारतं, आणि “काही नाही” हे उत्तर कुणालाच पटत नाही.

दोन वाट्या हरभऱ्याची डाळ तासभर भिजवावी. पातेल्यात आठ वाट्या पाणी उकळून त्यात डाळ, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालावं. पुरणवाले लोक इथे पाण्यात हात आखडता घेतात, कारण त्यांना कोरडी डाळ हवी असते. त्यांचं ऐकू नये. कुकरमध्ये बेताचं पाणी घालून शिट्ट्या मोजणाऱ्या घरात कट वाटीभरसुद्धा निघत नाही, आणि मग त्याच घरात तुरीच्या डाळीचं पाणी, बेसनाची पेस्ट असले प्रकार घडतात. पाहुणे काही बोलत नाहीत, पण त्यांना कळलेलं असतं.

डाळ बोटांत धरून दाबली की चुरडली पाहिजे, पण आपणहून फुटता कामा नये. फुटली तर कट पिठाळ होतो. चाळणीत ओतून पुरतं निथळू द्यावी. चारेक वाट्या कट मिळेल. त्यात शिजलेली डाळ पळीभर घोटून घालावी. ही पळी पुरणवाल्यांचं लक्ष नसताना काढावी.

आता मसाला. सुकं खोबरं आणि जिरं खरपूस भाजावं, दोन-तीन लवंगा, चार मिरे आणि दालचिनीचा तुकडा त्यांच्याबरोबर गरम करावा आणि सगळं बारीक वाटावं. लहान लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढावा, जवळपास तेवढाच गूळ घ्यावा. गोडा मसाला दोन चमचे. दगडफुलाचा वास येत नसेल तर तो डबा खाली ठेवावा आणि ज्या आत्याबाई दर उन्हाळ्यात मसाला करतात त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या तब्येतीची चौकशी करावी.

देशावर बऱ्याच घरांत हीच येळवणीची आमटी होते. तिच्यात कांदा, लसूण आणि काळा मसाला पडतो, मराठवाड्यात येसर. ती प्यायल्यावर कपाळावर घाम येतो आणि माणूस आणखी मागतो. पुण्याकडचे लोक तिला तिखट म्हणतात, तिकडचे लोक पुण्याच्या आमटीला सरबत. कर्नाटकातही ओबट्टाच्या कटाचं सारू होतं. या वादात आपण ज्याच्या घरी जेवायला बसलो असू त्याची बाजू घ्यावी.

फोडणीला तेल जरा सढळ. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता. मग गॅस बंद करून लाल तिखट. पेटत्या गॅसवर तिखट घातलं तर ते करपतं आणि आमटीवर लाल तवंगाऐवजी काळे कण तरंगतात. त्यावर कट, दोन वाट्या गरम पाणी, कोळ, गूळ, वाटण, गोडा मसाला ओतून दहा-बारा मिनिटं खळखळून उकळावं. आमटी पातळच हवी. ताटात ओतली की भातावर न रेंगाळता कोशिंबिरीपर्यंत पोचली पाहिजे.

आणि मीठ. आमटी इथेच जमते किंवा फसते. नैवेद्य दाखवेपर्यंत चव बघता येत नाही. काही घरांत मुद्दाम वास घेणंही चालत नाही. म्हणजे चिंच आंबट किती, गूळ खारट आहे का, मसाला जुना की नवा, यांतलं काहीही हाती नसताना सहा वाट्या आमटीत एकदाच मीठ घालायचं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हे काम नुसत्या तळहाताच्या खळग्यावर निभावलं आहे. पुरुषांनी प्रयत्न करायचा असल्यास थोडं कमी घालावं आणि नैवेद्य होताच आरतीच्या गडबडीत पातेल्याकडे सरकावं. लहान मुलाला चव बघायला सांगणं हा जुना उपाय आहे, त्याला पाप लागत नाही म्हणतात. पण ते “छान आहे” याशिवाय काही सांगत नाही.

आमटी वाटी तोंडाला लावून भुरके मारत प्यावी. हॉटेलात चमच्याबरोबर येते, तो चमचा बाजूला ठेवावा. दुसऱ्या दिवशी ती जास्त मुरलेली लागते, म्हणून पहिल्या दिवशी एक पातेलं फ्रिजच्या मागच्या बाजूला, ताकाच्या भांड्याआड सरकवून ठेवणं शहाणपणाचं.

राहिला तो डाळीचा ढीग. तिच्यात दोन वाट्या चिरलेला गूळ घालून डाव उभा राहीपर्यंत आटवावं, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावं, जायफळ-वेलची घालावी. सैल मळून तेलात मुरवलेल्या कणकेत भरून लाटावं, भाजावं. पंधरा-सोळा नग होतात आणि अर्धा दिवस जातो, त्याला इलाज नाही. तूप लावून ते शेजारीपाजारी वाटून टाकावेत. लोक आनंदाने घेतात. डबा परत करताना एखाद्या काकू “आणि आमटी केली नव्हती का हो?” असं विचारतील. संपली म्हणून सांगावं.