खुर अधिक ची

खुर्ची हा शब्द 'खुर' या शब्दापासून आला, असे सध्या ठरलेले आहे. ठरवले कोणी, हे विचारायची पद्धत नाही. पुरावा भक्कम आहे. खुर्चीला चार पाय असतात, बैलालाही चार पाय असतात, बैलाच्या पायांना खुर असतात; तेव्हा खुर + ची = खुर्ची. झाले. या हिशेबाने बैलालाच खुर्ची का म्हणत नाहीत, अशी शंका मनात आली तर तो आपल्या संस्कारांचा दोष. 'ची' म्हणजे कोणाची, ही षष्ठी कोणाच्या जिवावर लोंबते आहे, हेही विचारू नये. खाली 'आपली भाषा किती शास्त्रशुद्ध आहे पाहा' अशी ओळ असते, दोन हात जोडलेले असतात आणि मजकूर पुढच्या दहा जणांकडे रवाना होतो. दहांतले नऊ जण तो वाचत नाहीत. दहावा वाचतो आणि संध्याकाळपर्यंत पलंगाची फोड करून पाठवतो.

या सगळ्यात खरी करामत आहे ती मधल्या अधिक चिन्हाची. ते काढून वाचून बघा. 'खुर्ची हा शब्द खुरावरून आला असावा बुवा' असे एखादा गप्पिष्ट पारावर बसून म्हणाला, तर लोक हसतील आणि विषय बदलतील. तेच मध्ये अधिक चिन्ह घालून लिहिले की त्याला शास्त्राची कळा येते. गणितात या चिन्हाला थोडी शिस्त पाळावी लागते. दोन अधिक दोन चारच होतात, बहात्तर होत नाहीत. भाषेत आले की त्याला कोणी विचारणारा नाही. मधला स्वर नको असेल तर गिळता येतो, हवा असेल तर पैदा करता येतो, आणि शेवटचे अक्षर आड येत असेल तर 'कालांतराने लोप पावले' असे म्हणून त्याचे तेरावे घालता येते. पलंग म्हणजे पल + अंग, पळभर अंग टाकायची जागा. (पळभर! रविवारी जेवून तीन तास घोरणाऱ्या समाजाला हे सांगायचे.) पगार म्हणजे पग + आर, पाय पुढे टाकायला लावणारी पराणीची आर, ही फोड कोणा कारकुनाची असणार, तीत अनुभव बोलतो. तुरुंग म्हणजे तुरंग, कारण कैद्याला घोड्यासारखे बांधून ठेवतात. या रीतीने जगातला कोणताही शब्द जगातल्या कोणत्याही शब्दातून काढता येतो. आणि ज्या रीतीने वाटेल ते सिद्ध होते तिने काहीच सिद्ध होत नाही, एवढे तर्कशास्त्र नववीच्या भूमितीतही असते.

वाईट याचे वाटते की खऱ्या हकिकती या फोडींपेक्षा कितीतरी रंगतदार आहेत. पलंगाला संस्कृत मूळ हवेच होते, तर ते आयते पडलेले आहे : पर्यंक, त्याचेच दुसरे रूप पल्यंक, प्राकृतात पल्लंक, मग पलंग. संस्कृतचा अभिमान उरापोटी वाहणाऱ्याला घरातला पर्यंक दिसला नाही आणि तो पळ मोजत बसला. पगार हे पोर्तुगीज 'पागार', म्हणजे पैसे चुकते करणे. तुरुंगाच्या मुळाशी पोर्तुगीज 'त्रोंकु' आहे, म्हणजे झाडाचे खोड, ओंडका, आणि कैद्याचे पाय ज्यात अडकवत ते लाकूड. आपल्याकडे त्यालाच खोडा म्हणत. खुर्चीचा प्रवास तर सगळ्यांत लांबचा. बॅबिलॉनकडच्या मातीच्या विटांवर, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, अक्कादी भाषेत 'कुस्सू' हा शब्द खिळ्यांसारख्या लिपीत उमटलेला आहे. अर्थ बसायचे आसन आणि राजाचे सिंहासनही. तिथून तो अरामी भाषेत गेला, तिथून अरबीत 'कुर्सी' झाला, फारसीने तो पूर्वेला आणला आणि आपण त्यातल्या 'क'ला जोर देऊन, 'स'चा 'च' करून तो घरात घेतला. खाली गोव्यात मात्र बसायला खुर्ची नव्हे, 'कदेल' देतात. ती पोर्तुगीज 'कादेइरा', तिच्यामागे लॅटिन, तिच्यामागे ग्रीक. इंग्रजांची चेअर याच घराण्यातली. म्हणजे माणूस सावंतवाडीहून पणजीला गेला की बैठक तीच, पण तिचे पूर्वज बगदादऐवजी अथेन्सचे होतात. एवढा खजिना असताना बैलाच्या पायाशी घुटमळायचे!

आणि अर्थाची गंमत तर निराळीच. 'खुर्ची गेली', 'खुर्चीसाठी काहीही', 'खुर्चीला चिकटला' असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा चार पायांच्या लाकडी वस्तूशी त्याला काही देणेघेणे नसते. सिंहासनापासून निघालेला शब्द दरबार, कचेरी आणि शाळामास्तर असे करत उतरत गेला, आणि मग एकाही व्युत्पत्तिकाराला न विचारता पुन्हा सिंहासनावर जाऊन बसला. खुरांची उपपत्ती थोडीफार पटावी अशी एकच जागा आहे, ती म्हणजे घोडेबाजार. पण तिथेही खुर खुर्चीला नसतात, तिच्याकडे धावणाऱ्यांना असतात.

यावर उत्तर ठरलेले आहे. मराठी संस्कृतपासून निघाली हे तुम्हाला मान्य नाही काय? मान्य आहे, मराठीतल्या शब्दांचा मोठा वाटा संस्कृत-प्राकृताच्या वाटेने आला, यात वाद नाही. पण ती वाट आहे, अधिक चिन्ह नव्हे. हस्त, सप्त, अष्ट यांचे प्राकृतात हत्थ, सत्त, अट्ठ झाले आणि मराठीत हात, सात, आठ. जोडाक्षर सैल झाले आणि त्याची भरपाई आधीच्या स्वराने लांब होऊन केली. कर्माचे काम झाले, अद्यचे आज झाले, तेही याच नियमाने. नियम म्हणजे जो एका शब्दाला लागला की त्याच्यासारख्या दुसऱ्यालाही लागतो; वशिल्याने एकट्या खुर्चीपुरता बनवता येत नाही. आणि जे या वाटेने आलेले नाहीत, त्यांच्याबद्दल जुने लोक आपल्यापेक्षा फार सरळ होते. बाराव्या शतकातली 'देशीनाममाला' संस्कृतातून काढता येत नाहीत अशाच शब्दांची यादी देते आणि त्याबद्दल शरमिंदी होत नाही. अडकित्त्यातले 'अडके' म्हणजे कन्नडातली सुपारी. इथे फोड करायला खरोखर जागा आहे. पण ती कन्नडातून निघते, त्यामुळे तिच्याखाली कोणी हात जोडत नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. असल्या फोडी आपल्या पूर्वजांनीही केल्या, निरुक्त उघडून बघा, असे सांगतात. उघडावेच. त्यात एकेका शब्दाच्या दोन-दोन, तीन-तीन व्युत्पत्ती शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. हे असेल किंवा तेही असेल. अवघड वैदिक शब्दाचा अर्थ लागावा म्हणून केलेली ती खटपट आहे. आणि तीही चुकते. 'विधवा' या शब्दाची तिथली एक फोड अशी की धव म्हणजे माणूस, त्याचा वियोग झाला ती विधवा. प्रत्यक्षात विधवा हा आख्खा शब्द आहे. लॅटिन 'विदुआ', इंग्रजी 'विडो', फारसी 'बेवा' ही त्याची सख्खी भावंडे, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी 'धव' नाही. पण फोड इतकी पटली की 'धव' हा नवरा पुढे कोशांत नांदू लागला आणि त्याच्या जोरावर 'सधवा'ही झाली. असुराचे तेच. ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटले आहे, अगदी आदराने. इराणात त्याचाच 'अहुर' झाला आणि देवच राहिला. आपल्याकडे असुर दैत्य झाले, मग कोणाला तरी वाटले की पहिला 'अ' नकाराचा असणार, तो काढला आणि उरलेल्या 'सुर'ला देव केले. चुकीच्या वजाबाकीतून अख्खा देवगण निघाला.

मग शंका अशी येते की चुकीची फोडही शेवटी भाषेत खपतेच, तर खुराने काय घोडे मारले? शंका रास्त आहे. उद्या सगळा महाराष्ट्र खुर्चीच्या पायांना खुर म्हणू लागला, तर तो शब्द मराठीच ठरेल आणि कोशात घ्यावा लागेल. पण तो तिथे वापराच्या बळावर येईल, फोडीच्या बळावर नव्हे. अर्थ ठरतो तो बोलणाऱ्यांच्या तोंडी, आणि मूळ खरे असले तरी त्याचे काही चालत नाही. 'राजीनामा' घ्या. राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे कागद. इथले अधिक चिन्ह शंभर टक्के खरे. उर्दूत आजही राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेली तडजोड. मराठीत तो पद सोडल्याचा कागद झाला, आणि बहुतेक वेळा तो देणारा सोडून बाकी सगळे राजी असतात. 'मूळ अर्थाप्रमाणे मी राजी नाही, सबब हा राजीनामा नव्हे' असा बचाव अजून कोणी केलेला नाही, पण दिवस काही फार चांगले नाहीत. संस्कृत 'कपाट' म्हणजे दार. सरळ वाटेने येता येता त्याचे कवाड झाले आणि अर्थ दारच राहिला. तेच कपाट पुन्हा संस्कृतातून जसेच्या तसे उचलले आणि त्यात आपण साड्या ठेवल्या. म्हणून दर उन्हाळ्यात केदारनाथचे कपाट उघडल्याची बातमी मराठीत आली की आत काय ठेवले होते असा प्रश्न पडतो. 'पाखंड' तर बिचारे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या शिलालेखांत 'पासंड' म्हणून दिसते आणि तिथे त्याचा अर्थ केवळ पंथ असा आहे. सगळ्या पासंडांचा मान राखा, असे तिथे सांगितले आहे. आज कोणाला 'तुमच्या पाखंडाचा आम्ही मान राखतो' असे म्हणून पाहावे आणि मूळ अर्थ समजावेपर्यंत अंतर राखून उभे राहावे.

इथवर सगळे हसण्यावारी नेता आले असते. रिकामपणाचे उद्योग आहेत, कोणाचे काय बिघडते, असे म्हणून सोडून दिले असते. पण बिघडते. कारण मुळाचे हे वेड खुर्ची-पलंगापाशी थांबत नाही, ते माणसांच्या तोंडाशी येते. जो अधिक चिन्हाने मराठीची शास्त्रशुद्धता सिद्ध करतो, तोच वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या, मुंबईच्या कोळीवाड्यातल्या पोराने 'पानी' म्हटले की हसतो. न आणि ण कळत नाही म्हणतो. अशुद्ध म्हणतो. बरे, तुमच्याच न्यायाने चला. या शब्दाचे संस्कृत मूळ कोणते? पानीय. त्यात कोणता न आहे? दंत्य, त्या पोराच्या तोंडातला. लोण्याचे मूळ नवनीत, बहिणीचे मूळ भगिनी, 'कोण'च्या मुळातल्या 'पुनः'मध्येही नच. म्हणजे लोनी, बहीन, कोन म्हणणारा मुळाच्या जास्त जवळ उभा आहे आणि तुम्ही मूळ सोडून लांब आला आहात. उलट कर्ण आणि पर्ण यांत ण होता. त्यांचे कान आणि पान करताना तुमच्या घरात कोणालाही लाज वाटली नाही. एकट्या नचा ण झाला, दुहेरी ण्णचा न झाला, हा मराठीचा नियमच आहे आणि चांगला आहे. पण मग म्हणा ना, की आमचे 'पाणी' बरोबर ते रूढ आहे म्हणून, छापील मराठीने ते स्वीकारले म्हणून. कबूल! शाळेत तेच शिकवावे, परीक्षेत तेच लिहावे. फक्त मग खुर्चीच्या वेळी मूळ आणि पाण्याच्या वेळी रूढी, असे दोन तराजू ठेवता येणार नाहीत. फारसी शब्द हाकलताना मुळावर बोट ठेवायचे, आणि ज्याच्या बोलण्यात मूळ शाबूत आहे त्याला वर्गाबाहेर उभे करायचे. याला भाषाप्रेम म्हणत नाहीत, याला नुसती मिजास म्हणतात. तीही 'मिजाज'वरून आलेली, अरबी.

'मराठी व्युत्पत्तिकोश' 1946 साली छापून निघाला. तो ग्रंथालयात मिळतो, त्यात काही ठिकाणी चुकाही असतील, पण प्रत्येक चुकीमागे काही वाचन आहे. पुढची फोड पुढे ढकलण्याआधी तेवढे पान उलटून पाहा. आणि ते होत नसेल तर निदान 'पानी' म्हणणाऱ्याला हसणे आजपासून बंद करा.