कंटेनरभाऊ

मूल, सिंदेवाही, आरमोरी, चामोर्शी. धानाच्या या पट्ट्यात कुठंही उतरा, चहाच्या टपरीवर एक कंटेनरभाऊ भेटतोच. बाकीच्यांच्या खिशात खर्ऱ्याची पुडी, याच्या खिशात गोडी मोजायचं यंत्र. बांध्यांच्या वरच्या अंगाला त्यानं दोन एकर केसर आंबा लावलाय. कलमं अजून गुडघ्याला लागतात, पण माल कुठं जायचा ते ठरलेलं आहे.

"अमेरिकेचं काही नाही जी, 2007 पासून रस्ता मोकळा आहे. लासलगावले विकिरण केलं का झालं!" लासलगाव जणू नागभीडच्या पुढचं स्टेशन. प्रत्यक्षात अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो, पण भाऊ नकाशा पाहतो तो जगाचा. जपानला वाफेचा शेक, युरोपला गरम पाण्याची आंघोळ. देशोदेशीची पथ्यं त्याला मुखोद्गत. स्वतःच्या साखरेचं पथ्य बायको सांभाळते.

2014 च्या मे महिन्यात फळमाशीपायी युरोपनं भारतीय आंब्याला दार लावलं, तेव्हा याच्याकडे एकही कलम नव्हतं. तरी घरात सुतक. 2015 च्या सुरुवातीला दार उघडलं तर गावभर पेढे.

लग्नाच्या पंगतीत त्याच्याशेजारी बसू नये. आमरस वाढणाऱ्याला तो आधी गोडीचा आकडा विचारतो. रस तेलंगणातून आलेल्या बैगनफल्लीचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक. तरी भाऊ यंत्रावर थेंब टाकून मान हलवतो आणि मग तीन वाट्या संपवतो. गावरान झाडावर दगड मारणाऱ्या पोरांनाही तो खालून ओरडतो, "देठ ठेवून पाडा रे, चीक लागला तर माल रिजेक्ट!"

हसणं सोपं आहे. पण जिथं सारं गाव धानाच्या बोनसकडे डोळे लावून बसतं, तिथं सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात झाडाला घागरीनं पाणी घालत चार-पाच वर्षं थांबायला छाती लागते.

खरा व्यापार बायको करते. बांधावरच्या गावरान झाडाच्या कैऱ्या लोणच्यासाठी आठवडी बाजारात विकते आणि त्याच पैशातून कलमांचं खत येतं. यंदा दोन झाडांवर मोहोर दिसला, तर भाऊ फोनवर जहाजाचं भाडं विचारत उभा. ती आतून म्हणाली, "जपानले मागून पाठवजा, आधी वानरायले हाकला!"

पेट्या मात्र छापून आल्या आहेत. वर पट्टेदार वाघ, खाली 'एक्सपोर्ट क्वालिटी'. सध्या त्यांत मोहफुलं भरलीत, आणि एकीत कोंबडी अंड्यांवर बसली आहे. भाऊ तिला उठवू देत नाही. एकवीस दिवस ऊब सोसून पुठ्ठा टिकतो का, ते त्याला पाहायचं आहे.