मूळ, अस्सल, एकमेव डॉट कॉम

बालकाचे नाव ठेवण्याचा मान परंपरेने आत्याकडे असला, तरी संकेतस्थळाचे नाव ठेवण्याचा मान अलीकडे एसईओ सल्लागाराकडे, म्हणजे गूगलच्या शोधनिकालांत वरचे स्थान मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या तज्ज्ञाकडे गेला आहे. या संप्रदायाचा मूळ सिद्धान्त असा, की गिऱ्हाईक शोधाच्या चौकटीत जे शब्द टाइप करते त्यांना कीवर्ड म्हणावे आणि तेच शब्द जोडून डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता घ्यावा. जे मागितले जाते तेच दारावर लिहिले, की गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जात नाही.

या सिद्धान्ताची प्रयोगशाळा कॅलिफोर्नियात नसून बुलढाणा जिल्ह्यातील शेगावात आहे आणि ती इंटरनेटहून जुनी आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी 1950 च्या सुमारास शेगावच्या रेल्वे स्थानकावर कचोरी विकायला घेतली, आणि तिची कीर्ती मुंबई-हावडा मार्गावरील प्रवाशांनी एक पैसाही जाहिरातखर्च न लावता गावोगाव पोहोचवली. पुढे गावाचे नाव अधिक पदार्थाचे नाव हे सूत्र इतके फळले, की ‘शेगाव कचोरी’ ही पाटी राज्यभरातील शहरांत झळकू लागली. पाटी वाचून काय मिळणार ते कळते, कोणाचे मिळणार ते मात्र कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पहिला दुकानदार ‘मूळ’ हे विशेषण लावतो, दुसरा ‘अस्सल’ लावतो, आणि तिसऱ्यापुढे ‘एकमेव’ होण्यावाचून पर्याय उरत नाही.

डोमेनशास्त्रात हीच परंपरा अधिक ऐसपैस चालते, कारण पत्त्याच्या एका भागात 63 चिन्हांची मुभा असून जोडरेघही चालते. त्यामुळे तिन्ही विशेषणे, गाव आणि कचोरी एकाच पत्त्यात सुखाने नांदू शकतात. रोमन लिपीत ‘शेगाव’चा शेवट ‘ओएन’ने करावा की ‘व्ही’ने, असा पेच पडल्यास सल्लागार दोन्ही पत्ते घेण्याचा निःस्वार्थ सल्ला देतो. 2014 पासून देवनागरीत ‘.भारत’ हा प्रत्ययही उपलब्ध आहे. मात्र संगणकांच्या आपसांतील व्यवहारासाठी देवनागरी पत्त्याचे ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या अगम्य रोमन अक्षरमालेत रूपांतर होते, आणि कीवर्डचे सारे तेज तिथे मावळते. शिवाय डोमेन कायमचे विकत मिळत नसून एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांच्या नोंदणीवर मिळते, हा तपशील सल्लागाराच्या प्रवचनात सहसा शेवटी येतो.

संप्रदायाला पहिला धक्का खुद्द दैवतानेच दिला. सप्टेंबर 2012 मध्ये गूगलने कीवर्डशी तंतोतंत जुळणाऱ्या पण आतून पोकळ असलेल्या संकेतस्थळांना खाली ढकलणारा बदल जाहीर केला. तेव्हापासून निव्वळ नावाच्या पुण्याईवर वरचे स्थान मिळण्याची शाश्वती उरली नाही, सल्लागाराचे शुल्क मात्र अबाधित राहिले. दुसरा धक्का कायद्याचा आहे. 1999 च्या व्यापारचिन्ह अधिनियमाचे कलम 9 सांगते, की केवळ मालाचा प्रकार किंवा उगमस्थान दर्शवणारे चिन्ह, वापरातून त्याला वेगळी ओळख लाभल्याखेरीज, नोंदणीस पात्र नाही. म्हणजे जे नाव कीवर्ड म्हणून जितके अचूक, ते मालमत्ता म्हणून तितकेच दुबळे. याउलट 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला व्यापारचिन्हासारखे संरक्षण देता येते असे ठरवले, त्या खटल्यात जिंकलेले नाव ‘सिफी’ होते, जे सत्यम इन्फोवे या कंपनीने स्वतःच घडवले होते आणि जे कोणत्याही गिऱ्हाइकाने कीवर्ड म्हणून टाइप केले नसते.

या शास्त्राचे सर्वांत निष्ठावान विद्यार्थी मात्र व्यापारी नसून भामटे आहेत. तीर्थक्षेत्राचे नाव, निवास आणि बुकिंग हे शब्द एकत्र गुंफून पत्ता घेतला, की भाविक विश्वासाने पैसे भरतो. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राला केदारनाथ, चारधाम आणि अन्य तीर्थांच्या नावाने चालणाऱ्या बनावट बुकिंग संकेतस्थळांविषयी देशभर इशारा द्यावा लागला. गजानन महाराजांच्या दर्शनासाठी शेगावला येणाऱ्यानेही हा इशारा आपल्यासाठीच आहे असे समजावे.

तात्पर्य, कीवर्ड-नावात धंद्याचे वर्णन असते, धनी नसतो. ज्यांना संकेतस्थळ काढायचे आहे त्यांनी छोटे, उच्चारायला सोपे आणि स्वतःचे नाव घ्यावे व उरलेला खर्च मालावर करावा. आणि भाविकांनी पत्त्यातील शब्द जुळले म्हणून पैसे न भरता आधी त्या तीर्थाच्या संस्थानाकडे चौकशी करावी, फसवणूक झालीच तर 1930 हा सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा क्रमांक तत्काळ फिरवावा.