सरांची मेथी आणि सेकंड इयर बी.कॉम.

तुम्हाला म्हणून सांगते, पुढे बोलू नका. म्हणजे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सगळ्यांना कळून चुकलंच आहे, पण निदान माझं नाव घेऊ नका. आमच्या वरच्या मजल्यावर अकाउंट्सचे एक सर राहतात. सज्जन माणूस. ताळेबंद जुळेपर्यंत पाणीसुद्धा पीत नाहीत, असा लौकिक. तर गेल्या मंगळवारी या सरांनी सेकंड इयरच्या ११२ मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय टाकलं असेल? ‘मेथी २ जुड्या, कोथिंबीर, शेंगदाणे अर्धा किलो, भांड्यांचा साबण, आईची बीपीची गोळी.’

बायकोने पाठवलेली यादी, भावाला फॉरवर्ड करायची होती, गेली सेकंड इयरला. खरा अनर्थ पुढेच आहे. चूक लक्षात येताच सरांनी घाईघाईने ती पुसली, आणि पुसली कशी? ‘डिलीट फॉर मी’ दाबून! म्हणजे सरांच्या फोनवरून यादी गेली, बाकीच्या ११२ फोनांवर तशीच. अशी गफलत झाली तर पाच सेकंदांत ‘अनडू’ करता येतं, ही सोय व्हॉट्सॲपने २०२२च्या डिसेंबरातच दिली आहे म्हणे. पण सरांना चष्मा सापडायलाच दहा सेकंद लागतात. आता कुणालाच काही दिसत नाही, अशा समाधानात ते चहा प्यायला बसले. इकडे ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. एकाने विचारलं, ‘सर, हे इंटर्नलला आहे का?’ दुसरी म्हणते, ‘सर, शेंगदाणे डेबिट करायचे की क्रेडिट?’ आणि एकाचे वडील पंचवटीत भाजीचा गाळा चालवतात, त्याचा मेसेज अगदी कामाचा: ‘सर, मेथी आज पडलीये. दहाला दोन जुड्या. बाबांना ठेवायला सांगू?’

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या टेबलावर, तपासायच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या दोन जुड्या. लाचच की हो ही! सरांनी लगेच दहा रुपये यूपीआयने पाठवले आणि त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. व्हाउचरशिवाय नोंद नाही, हे मुलांना तेवढ्यावरून एकदाचं कळलं.

काय हा काळ! आमच्या वेळी स्टाफरूमच्या दाराशी घाम पुसत उभं राहावं लागायचं. आतून ‘काय आहे?’ असं आलं की निम्मा प्रश्न विसरायला व्हायचा. सरांच्या घरी मेथी लागते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सर जेवतात, ही कल्पनाच धक्कादायक होती. एकदा मेनरोडला आमच्या इंग्रजीच्या सरांना बनियन विकत घेताना पाहिलं, तर आठवडाभर मैत्रिणींना पुरलं.

या सगळ्याचं मूळ मी शोधून काढलं आहे. जिओ सुरू झालं ते ५ सप्टेंबर २०१६ला. तारीख बघा! नेमका शिक्षकदिन. डिसेंबरअखेरपर्यंत डेटा फुकट. गुरूने शिष्याला नंबर दिला, शिष्याने गुरूला गुड मॉर्निंग दिलं आणि संपलं सगळं. त्याच वर्षी व्हॉट्सॲपच्या ग्रुपात १०० ऐवजी २५६ माणसं मावायला लागली होती, आता १०२४ मावतात. वर्गात बेंच मात्र तेवढेच, आणि त्यांवर बसणारी माणसं त्याहून कमी. आमच्या सरांच्या लेक्चरला तीस मुलं, ग्रुपवर ११२. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरते ती फक्त तिथे. दिवसभराचा प्रश्न एकच: ‘सर, आज लेक्चर आहे का?’ विचारणारा कॉलेज रोडला कॅफेत बसलेला असतो, गेटपासून चालत चार मिनिटांवर.

इन्स्टाचं तर विचारूच नका. एका पोराने ‘ताप आहे सर’ म्हणून रजा मागितली आणि दुपारी सोमेश्वरच्या धबधब्याखाली हात पसरलेली स्टोरी टाकली. पाहणाऱ्यांच्या यादीत तिसरं नाव सरांचं! सरांनी एवढंच लिहिलं, ‘काळजी घे. पाण्यात फार वेळ उभा राहू नकोस, ताप वाढेल.’ पोरगं पुढचे पंधरा दिवस पहिल्या बाकावर होतं.

आमच्या ट्रॅकवरच्या मॅडम मात्र वेगळं सांगतात, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रात्री साडेदहाला ‘हाय मॅडम, जेवलात का?’ असं यायला लागलं, तेव्हा त्यांनी कॉलेजसाठी वेगळं सिम घेतलं. ते संध्याकाळी सातला बंद. बरोबरच केलं. प्रश्न विचारायला फोन आहे, चौकशीला नाही.

पण नाशिककरांनी फार नाकं मुरडू नयेत, बरं का. वर्ग नसलेलं विद्यापीठ आपल्याच गावाने तर थाटलं. १९८९ साली गंगापूर धरणाच्या बाजूला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं, राम ताकवले पहिले कुलगुरू, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. माझ्या मोठ्या जाऊबाई त्यातूनच बी.ए. झाल्या. पोळ्या लाटता लाटता डब्याला टेकवून ठेवलेलं पुस्तक वाचायच्या. पुस्तकही असं की समोर बसल्यासारखं ‘तुम्ही’ म्हणून बोलायचं, मध्येच थांबवून स्वयंअध्ययनाचे प्रश्न विचारायचं. उत्तरं घटकाच्या शेवटी. जाऊबाई ती आधी वाचायच्या, ते सोडा. सासूबाई तेव्हाही म्हणाल्याच होत्या, ‘मास्तर आता ओट्यापर्यंत आला!’ तेव्हा सर पुस्तकात बसून स्वयंपाकघरात यायचे. आता सरांचं स्वयंपाकघर यादीत बसून वर्गात जातं, एवढाच काय तो फरक.

आता मुख्य गोष्ट. जरा जवळ या. हे सर रात्री पावणेबाराला गॅलरीत येऊन फोनवर कुजबुजतात. बायको झोपल्यावर! सलग तीन रात्री. आमच्या बेडरूमची खिडकी बरोबर खाली. मी काही मुद्दाम ऐकत नाही, पण कान थोडेच मिटता येतात? पहिल्या रात्री फक्त ‘अरे, तसं नसतं रे’ एवढंच कळलं. दुसऱ्या रात्री ‘तू घाबरू नकोस’. माझी तर झोपच उडाली. तिसऱ्या रात्री दिवा मालवून खिडकीशीच बसले.

तो निघाला पेठकडून एसटीने येणारा एक मुलगा. शेवटचा बाक, तीन सेमिस्टर वर्गात अवाक्षर नाही. तोच आता रात्री व्हॉइस नोट पाठवतो. त्या दिवशी त्याने विचारलं होतं, ‘सर, घसारा खर्चात धरतो, मग ते पैसे जातात कुणाला?’ आणि सर गॅलरीत येरझाऱ्या घालत सात मिनिटांचं उत्तर रेकॉर्ड करत होते: ‘अरे, आता कुणालाच जात नाहीत. पैसे गेले ते मशीन घेतलं तेव्हाच. आपण फक्त तो चटका दरवर्षी थोडा थोडा वाटून घेतो. बापाने ट्रॅक्टर घेतला ना, तसंच बघ...’ मध्ये एकदा डास मारल्याचा फटका आला, तोही रेकॉर्ड झाला असणार.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली. घसारा मला इतका नीट कुणी समजावलाच नव्हता. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये सर भेटले, तर मी नुसतं ‘काय म्हणतेय मेथी?’ एवढंच विचारलं. ते लाजले. आज रात्री गुडविलवर आहे म्हणे. मी खुर्ची आधीच खिडकीशी सरकवून ठेवली आहे.