अप्पांची 38 मिनिटं

पुण्यात माणसाची ओळख करून घेताना आधी आडनाव विचारतात, मग पेठ. अप्पांच्या गोटात तिसरा प्रश्न असतो : "सिंहगड किती मिनिटांत?"

अप्पा बँकेतून निवृत्त झालेले. वय बहात्तर, गुडघे त्यांच्याहून दहा वर्षांनी वडील. 1984 साली आम्ही एकाच शाखेत होतो, तेव्हा दर रविवारी स्वारगेटहून पहाटेची पहिली पीएमटी धरायची, आतकरवाडीत उतरायचं आणि चढायला लागायचं. पायात हंटर बूट, खांद्याला शबनम, शबनममध्ये गुळाची पोळी. त्यातल्या एका रविवारी अप्पा पायथ्यापासून पुणे दरवाज्यापर्यंत 52 मिनिटांत चढले. हे मी खात्रीने सांगतो, कारण मी वर पोचलो तेव्हा त्यांचं ताक पिऊन झालेलं होतं आणि पैसे मी द्यावेत म्हणून ते थांबले होते.

नव्वदच्या सुमारास तीच चढाई 48 मिनिटांची झाली. मुलीच्या लग्नात व्याह्यांना सांगताना 45. निवृत्तीच्या निरोपसमारंभात 41. सध्या भाव 38 वर आहे. साल तेच, वाट तीच, चढणारा तोच. या शहरात जागेपासून कोथिंबिरीपर्यंत सगळ्याचे भाव चढले, उतरला तो एवढा एकच.

बाकीच्या गडांचं अप्पांना कौतुक आहे, पण ते दूरच्या नातेवाइकांचं असतं तसं. राजगडाची संजीवनी माची उतरून तोरण्याच्या बुधल्यावर चढलेल्या दिवसाबद्दल ते तासभर बोलतील. मात्र शेवटी "पण सिंहगड तो सिंहगड" हे आलंच. कात्रज ते सिंहगड ही पौर्णिमेच्या रात्रीची चाल त्यांनी अकरा वेळा केली. वाटेत टेकड्या किती, यावर मात्र त्यांचं कुणाशीच जमत नाही. कुणी तेरा म्हटलं की अप्पा सोळा सांगतात, कुणी सोळा म्हटलं की "छोट्या धरल्या तर".

गाडीने घाटरस्त्याने वर येणाऱ्यांबद्दल त्यांचं मत ठाम आहे : ती मंडळी गडावर जात नाहीत, पार्किंगला जातात. देवटाक्याचं पाणी, मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी यांवर चढून आलेल्याचाच हक्क. भजीला ते थोडी सूट देतात, कारण गेली चार वर्षं ते स्वतः जावयाच्या गाडीतून वर जातात आणि भजी खातात. त्या वेळी डोक्यावरची टोपी कपाळावर बरीच पुढे ओढलेली असते.

इतिहासाबद्दल त्यांची एकच तक्रार. 1670 च्या माघात, वद्य नवमीच्या रात्री, तानाजी मालुसरे आणि मावळे डोणागिरीच्या कड्याने चढले. लढाईबद्दल लोक भरभरून बोलतात, घोरपडीवरून भांडतात, "पण किती वेळात चढले, हे कोणी लिहून ठेवलंय का?" असं अप्पा विचारतात. त्यांचा स्वर असा, की नोंद सापडली तर एकदा ताडून बघता येईल.

गेल्या माघात त्यांनी मला फोन केला. "पायी जाऊ. घरी बोलू नकोस." आम्ही आतकरवाडीतून निघालो. अप्पा पाच वेळा थांबले, पण दम लागला म्हणून एकदाही नाही. एकदा खडकवासल्याचं पाणी किती खाली गेलंय ते दाखवायला. एकदा टीव्हीचा मनोरा नीट बघायला, जो गेली कित्येक वर्षं तिथेच आहे. एकदा बुटाची नाडी बांधायला. बूट वेल्क्रोचे होते. चौथ्यांदा एका लिंबूसरबतवालीची चौकशी करायला, आणि पाचव्यांदा कारण सुचेना म्हणून मलाच म्हणाले, "दमलास का रे? बस जरा."

मी बसलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पुणे दरवाज्यात त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि मग दगडावर बसून राहिले, बराच वेळ. मी घड्याळ पाहिलं : 1 तास 55 मिनिटं. ताकाचे पैसे या वेळी त्यांनी दिले, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या कट्ट्यावर अप्पा चौघांना सांगत होते, "सव्वा तास. तोही हा बरोबर होता म्हणून."

मी मान डोलावली. 1984 च्या त्या रविवारी मी सिंहगड तासाभरात चढलो, असं माझी बायको, दोन्ही मुलं आणि आता नातही धरून चालते. खरे लागले होते 1 तास 40 मिनिटं, आणि त्याचे साक्षीदार एकटे अप्पा आहेत.